राखेत दडलेली काच

सोलापूरहून होटगीच्या बाजूला निघाले की फताटेवाडी-आहेरवाडीच्या दिशेने वीज केंद्राची चिमणी लांबूनच दिसते. एनटीपीसीच्या या केंद्रात ६६० मेगावॉटचे दोन संच आहेत. पहिला २०१७ मध्ये सुरू झाला, दुसरा २०१९ मध्ये. आपल्याकडच्या कोळशात राखेचे प्रमाण फार. शंभर किलो कोळसा जाळला की ३० ते ४५ किलो राख उरते. याच जिल्ह्यात साखर कारखानेही इतके आहेत की राज्यात सोलापूरचे नाव त्यात पुढेच येते. हंगाम सुरू झाला की त्यांच्या बॉयलरमध्ये बगॅस जळते आणि तिचीही राख होते. एक राख करडी, बारीक, पिठासारखी. दुसरी काळपट, हलकी, अंगणात वाळत घातलेल्या कपड्यांवर येऊन बसणारी. दोन्हींकडे आपण एकाच नजरेने पाहतो. डोळ्यात जाणारी, खोकला आणणारी, कुठेतरी नेऊन टाकायची घाण.

पदार्थविज्ञानाचा अभ्यास करणारा माणूस याच राखेची चिमूट सूक्ष्मदर्शकाखाली ठेवतो तेव्हा त्याला वेगळेच दिसते. वीज केंद्राची राख म्हणजे बारीक बारीक गोळ्यांचा ढीग असतो. कोळशातील माती भट्टीच्या प्रचंड उष्णतेत वितळते, धुराबरोबर उडते आणि हवेतच झपाट्याने थंड होते. पावसाच्या थेंबासारखा तिचा गोल होतो आणि त्याच आकारात ती गोठते. वितळलेला पदार्थ असा घाईने गोठला की त्याच्या कणांना शिस्तीत रांगा लावायला वेळच मिळत नाही. अशा बेशिस्त गोठलेल्या घन पदार्थालाच विज्ञानात काच म्हणतात. या राखेचा बराचसा भाग, अनेकदा निम्म्याहून अधिक, काचच असतो. खिडकीतली पारदर्शक काच नव्हे, पण जात तीच. त्यातील काही गोळ्या आतून पोकळ असतात आणि पाण्यावर तरंगतात.

ही काच कामाला कशी येते हे समजून घ्यायचे तर आधी साधी काच कशी बनते ते पाहावे लागेल. मूळ माल म्हणजे वाळू, अर्थात सिलिका. शुद्ध सिलिका वितळायला सुमारे १७०० अंश सेल्सिअस लागतात. इतकी आंच जुन्या काळच्या कोणत्याही भट्टीला झेपणारी नव्हती. म्हणून वाळूत सोडा मिसळायचा. त्याने वाळू कमी आंचेवर वितळते. पण नुसत्या सोड्याची काच पाण्यात विरघळते, म्हणून जोडीला चुना. आजही बाटलीच्या काचेत साधारण सत्तर टक्क्यांवर सिलिका, बारा ते पंधरा टक्के सोडा आणि दहा टक्क्यांच्या आसपास चुना असतो.

हा सोडा पूर्वी कुठून येई? राखेतून. खाऱ्या जमिनीवर वाढणारी झुडपे जाळून त्यांच्या राखेतून क्षार काढत. आपल्याकडे त्याच प्रकारच्या क्षाराला सज्जीखार म्हणतात आणि उडदाच्या पापडाच्या पिठात तो घालण्याची रीत आहे. शाळेच्या रसायनशास्त्रात मुले ‘अल्कली’ हा शब्द शिकतात. तो मूळ अरबी ‘अल्-कली’, म्हणजे अशा झाडांची राख. फुरात नदीकाठच्या रक्का शहरात, खलिफा हारून रशीद यांनी तिथे मुक्काम हलवल्यानंतरच्या काळात, काचेच्या मोठ्या भट्ट्या चालत. उत्खननात सापडलेल्या काचेची रासायनिक तपासणी झाली तेव्हा तिथले कारागीर खनिज सोडा सोडून झाडांच्या राखेकडे वळत होते आणि वेगवेगळी मिश्रणे आजमावत होते, हे दिसून आले. सुमारे बाराशे वर्षांपूर्वीची ही प्रयोगशाळाच म्हणायची. सूरह नूरमधील दिव्याची काच किंवा सूरह नम्लमधील हजरत सुलैमान (अलै.) यांच्या महालातील काचेची फरशी आपण तिलावतीत वाचतो. काच ही त्या काळी केवढी मोलाची वस्तू होती, हे त्या उल्लेखांतूनही जाणवते.

मोलाची असल्यामुळेच फुटलेली काच कुणी फेकत नसे. तुर्कस्तानच्या दक्षिण किनाऱ्याजवळ, ऱ्होड्स बेटासमोर सेर्चे लिमानी नावाची खाडी आहे. तिथे बुडालेले एक जहाज पुरातत्त्वज्ञांनी १९७७ ते १९७९ या काळात वर काढले. जहाजावर फातिमी काळातील काचेची वजने मिळाली. त्यांवरून ते १०२५च्या सुमारास बुडाले असावे असे ठरले. जहाजावर तीन टन काच होती. दोन टन कच्च्या काचेचे ढेकळ, आणि एक टन निव्वळ भंगार: फुटके पेले, सुरया, बाटल्या, भट्टीतला टाकाऊ माल. सीरियाच्या किनाऱ्यावरून हे भंगार पुन्हा वितळवण्यासाठी समुद्रमार्गे चालले होते. त्या काळी फुटक्या पेल्यांसाठी जहाजात जागा भाड्याने घेणे परवडत असे, यातच सारे आले. ते लाखो तुकडे जुळवून अनेक भांडी पुन्हा उभी करण्यात आली आणि ती आज बोडरूमच्या संग्रहालयात आहेत.

भंगार वितळवणाऱ्यांना ते का परवडते, याचे उत्तर आजच्या कारखानदारालाही तोंडपाठ असते. काच एकदा बनलेली असली की ती पुन्हा वितळवायला नव्या मालापेक्षा कमी आंच लागते. भट्टीत दर दहा टक्के फुटकी काच घातली की इंधन साधारण अडीच ते तीन टक्क्यांनी वाचते, आणि कितीही वेळा वितळवली तरी काचेचा कस उतरत नाही. आपल्या मणियार मंडळींच्या टोपलीत ज्या फिरोजाबादी बांगड्या असतात, त्यांच्या भट्ट्यांतही फुटक्या काचेचा मोठा वाटा असतो.

काचेकडून चिनीमातीकडे जाणारी वाटही अशीच जुनी आहे. इराणमधील काशान गावच्या कुंभार घराण्यातील अबुल कासिम यांनी १३०१ मध्ये फारसीत एक ग्रंथ लिहून घराण्याची रीत नोंदवून ठेवली. चीनसारखी पांढरी माती त्यांच्याकडे नव्हती. म्हणून त्यांनी दहा भाग दळलेली गारगोटी, एक भाग काचेची पूड आणि एक भाग पांढरी माती असे मिश्रण सांगितले. भट्टीत काच वितळून गारगोटीचे कण एकमेकांना चिकटवते आणि भांडे पांढरेशुभ्र, टणक होते. माती नाही म्हणून हात जोडून बसायचे नाही, हाताशी काय आहे आणि त्यात नेमके कोणते घटक आहेत ते बघायचे. आधुनिक संशोधनही याहून वेगळे काही करत नाही. फक्त त्याच्याकडे क्ष-किरणांची यंत्रे आहेत.

या क्षेत्रात आज जगभर नाव असलेल्या शास्त्रज्ञ आपल्या मुंबईच्या आहेत, हे आपल्याकडे फारसे कुणाला ठाऊक नसते. वीणा सहजवाला मुंबईत जन्मल्या आणि वाढल्या. जिथे रद्दी, डबे, बाटल्या, तारा यांतले काहीच वाया जात नाही अशा शहरातले बालपण आपल्याला पुढे उपयोगी पडले, असे त्या सांगत आल्या आहेत. आयआयटी कानपूरमधून १९८६ मध्ये त्यांनी धातुशास्त्राची पदवी घेतली, मग कॅनडात पुढचे शिक्षण, अमेरिकेत मिशिगन विद्यापीठातून पीएचडी. पुढे त्या ऑस्ट्रेलियात गेल्या. सिडनीच्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठात टाकाऊ मालावर संशोधन करणारे ‘स्मार्ट’ नावाचे केंद्र त्यांनी २००८ मध्ये उभे केले.

त्यांचे पहिले गाजलेले काम टायरचे. विजेच्या भट्टीत भंगार लोखंड वितळवताना त्यात कोक, म्हणजे भाजलेला कोळसा, फुंकावा लागतो. कोकमधला कार्बन वितळलेल्या धातूवरच्या स्लॅगला फेस आणतो, तो फेस दुलईसारखा उष्णता धरून ठेवतो. सहजवालांनी विचार केला की रबरातही कार्बनच आहे, शिवाय हायड्रोजनही आहे. मग जुने टायर का नकोत? ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर काळा धूर येतो. उघड्यावर टायर पेटवला तर तसेच होते, कारण तिथे आंच कमी पडते. पंधराशे अंशांच्या पुढे रबराची गोष्टच वेगळी. तिथे ते धुमसत नाही, त्याचे रेणू तुटून वायू आणि कार्बन होतात आणि लगेच रासायनिक क्रियेत खर्ची पडतात. ही पद्धत प्रत्यक्ष पोलाद कारखान्यांत वापरात आली आणि वीस लाखांहून अधिक टायर त्यात गेले.

पण सोलापूरकरांनी लक्ष द्यावे ते त्यांच्या दुसऱ्या कामाकडे. फुटक्या काचेचा सगळाच माल बाटलीच्या भट्टीत जात नाही. रंग मिसळलेले, अगदी बारीक झालेले तुकडे कारखाना घेत नाही. जुन्या कपड्यांचेही तसेच. सुती आणि पॉलिस्टर धागा एकत्र विणलेला असला की तो वेगळा काढणे परवडत नाही. दोन्ही नाकारलेले माल सहजवालांच्या गटाने एकत्र आणले. काच दळायची, कापडाचे बारीक तंतू करायचे, चिकटवणारा पदार्थ मिसळून उष्णता आणि दाबाखाली त्यांचा सपाट तक्ता बनवायचा. त्याला त्यांनी ‘ग्रीन सिरॅमिक’ म्हटले. भिंतीच्या फरशा, टेबलाचा वरचा भाग, स्वयंपाकघरातला ओटा असा त्याचा वापर होतो. नौरा या गावी तिथल्या नगर परिषदेने हे काम हाती घेतले. यंत्रे छोट्या शेडमध्ये मावतील एवढीच. अशा छोट्या घटकांना सहजवाला ‘मायक्रोफॅक्टरी’ म्हणतात. इलेक्ट्रॉनिक कचऱ्यासाठीची पहिली मायक्रोफॅक्टरी त्यांनी २०१८ मध्ये विद्यापीठातच सुरू केली होती. मोठ्या कारखान्याकडे कचरा ट्रकने नेण्यापेक्षा कारखानाच कचऱ्याजवळ न्यायचा, एवढाच त्यामागचा हिशेब. टॉवेल-चादरींच्या कातरणाचे ढीग ज्या गावात पडतात, तिथल्या लोकांना हा हिशेब समजावून सांगावा लागू नये.

आता पुन्हा आपल्या राखेकडे. वीज केंद्राच्या राखेचा सर्वांत मोठा गिऱ्हाईक सिमेंट. घर बांधताना आपण जी पीपीसी सिमेंटची गोणी आणतो, तिच्यात नियमाप्रमाणे १५ ते ३५ टक्के फ्लाय ॲश असू शकते. बरेच लोक याला भेसळ समजतात. ती भेसळ नाही. सिमेंट भिजल्यावर त्यातून थोडा चुना मोकळा होतो. राखेतली काच त्या चुन्याशी हळूहळू जोडली जाते आणि काँक्रीट घट्ट होत जाते. दख्खनच्या जुन्या गवंड्यांनी चुन्यात विटेची पूड, म्हणजे सुरखी, मिसळली ती याच कारणासाठी. मात्र ही क्रिया सावकाश चालते. म्हणून पीपीसीच्या कामावर पाणी मारण्यात कुचराई करू नये. पाणी लवकर बंद केले की दोष राखेच्या माथी जातो.

दुसरा उपयोग राखेच्या विटांचा. राख, चुना किंवा सिमेंट, जिप्सम आणि वाळू किंवा कच दाबून त्या तयार होतात. भट्टी लागत नाही आणि शेतातली चांगली माती खरवडावी लागत नाही. कागदावर कायदाही बाजूने आहे. केंद्र सरकारच्या ३१ डिसेंबर २०२१च्या अधिसूचनेनुसार कोळशावरच्या वीज केंद्रांनी आपली सगळी राख वापरात आणायची आहे आणि न वापरलेल्या राखेवर टनामागे हजार रुपये भरपाई द्यायची आहे. केंद्रापासून ३०० किलोमीटरच्या आतल्या बांधकामांनी राखेचा माल वापरायचा आहे. तरीही गावोगावचा गवंडी लाल वीटच मागतो. त्याचे म्हणणे अगदीच चूक नाही, कारण राखेची वीट कारखान्यागणिक बदलते आणि घाईने सुकवलेली वीट कोपऱ्यात ठिसूळ निघते.

सर्वांत रंजक शक्यता आहे ती दोन्ही राखा एकत्र आणण्याची. फ्रान्सचे रसायनशास्त्रज्ञ जोसेफ डेव्हिडोविट्स यांनी १९७०च्या दशकात ‘जिओपॉलिमर’ हे नाव रूढ केले. सिमेंट न वापरता, सिलिका आणि ॲल्युमिना असलेल्या पुडीला तीव्र क्षार आणि सोडियम सिलिकेटच्या द्रावणात कालवून दगडासारखा पदार्थ बनवायचा. फ्लाय ॲशमध्ये सिलिका आणि ॲल्युमिना भरपूर, त्यामुळे ती यासाठी सोयीची. अडचण सोडियम सिलिकेटची. ते बाजारातून विकत आणले तर खर्च वाढतो, आणि ते बनवायला वाळू व सोडा भट्टीत वितळवावे लागतात. बगॅसच्या राखेत सिलिका मुबलक असते. तिला कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात उकळले की सिलिका विरघळते आणि सोडियम सिलिकेट हाती येते. म्हणजे होटगीच्या राखेला जोडणारा दुवा साखर कारखान्याच्या राखेत आहे. धान्याच्या तुसांच्या आणि बगॅसच्या राखेवर असे प्रयोग निरनिराळ्या प्रयोगशाळांत झालेले आहेत.

मग हे सोलापुरात सर्रास का होत नाही? कारण बगॅसची राख लहरी असते. बगॅस साधारण सातशे अंशांच्या आत जळली तर तिची सिलिका विरघळण्याजोगी राहते. आंच वाढली की कण शिस्तीत बसतात, स्फटिक होतात आणि मग सोड्याला दाद देत नाहीत. उलट आंच कमी पडली तर राखेत काळा कार्बन राहून जातो. बॉयलर चालवणाऱ्याला वाफ हवी असते, सिलिका नव्हे. त्यात साखर कारखाना वर्षाचे काही महिनेच चालतो आणि वीज केंद्र बारा महिने. ही कोडी कुणी परदेशी शास्त्रज्ञ येऊन सोडवणार नाही. रोज तीच राख हाताळणारा, वेगवेगळ्या कारखान्यांचे नमुने आणून शांतपणे तपासणारा इथलाच मुलगा किंवा मुलगी ती सोडवील.

हे सगळे लवकर व्हायला हवे, कारण पडून राहिलेली राख निरुपद्रवी नसते. कोरड्या दिवसांत ती उडते आणि तिचे अतिबारीक कण फुप्फुसात खोल जातात. तिच्यात आर्सेनिक, शिसे, पारा यांसारखी द्रव्ये अल्प प्रमाणात असतात आणि पाण्याबरोबर झिरपू शकतात. जुलै २०२२ मध्ये नागपूरजवळ कोराडी वीज केंद्राच्या राखेचा बंधारा फुटला तेव्हा राखेचा चिखल आसपासच्या गावांत आणि शेतांत शिरला. म्हणून ‘कचऱ्यापासून बनवले’ एवढ्यावर भुलूही नये. अशा विटेतून किंवा फरशीतून ही द्रव्ये पाण्यात उतरतात का, याची चाचणी झाली पाहिजे. काचेत नीट कोंडलेले विष मात्र सहजी बाहेर येत नाही. आपल्या देशातील अणुभट्ट्यांचा अतिकिरणोत्सारी कचरा तारापूर आणि तुर्भे येथे काचेतच बंद केला जातो, तो याच भरवशावर.

इथे आपल्या घरांविषयी दोन शब्द. आपल्या समाजात भंगाराच्या व्यवसायात असलेली माणसे थोडी नाहीत. हलाल रोजी आहे, पण मुलाच्या शाळेत बापाचा धंदा सांगताना आवाज खाली जातो. मला यात मोठा अन्याय दिसतो. तांबे आणि पितळ नुसत्या रंगावरून, प्लॅस्टिकचे प्रकार वाजवून आणि वाकवून, ॲल्युमिनियम हातातल्या वजनावरून ओळखणारा माणूस पदार्थविज्ञानाचा पहिला धडा रोज गिरवत असतो. सहजवालांचे सारे काम याच पायावर उभे आहे: आधी माल नीट वेगळा झाला पाहिजे. काचेच्या ढिगात कपबशीचे चार तुकडे आले की सगळी भट्टी नासते, हे भंगारवाल्याला ठाऊक असते. ते का नासते हे त्याच्या मुलीने शिकावे.

वाट आहे. बनारस हिंदू विद्यापीठात सिरॅमिकचे शिक्षण १९२४ पासून दिले जाते. आज तो विभाग तिथल्या आयआयटीत आहे. कोलकात्याची काच व सिरॅमिक संशोधनाची केंद्रीय संस्था १९५० पासून चालू आहे. एवढ्या लांब पाठवायची तयारी नसेल तर सोलापूर विद्यापीठ २००४ पासून दाराशी आहे. रसायन किंवा भौतिकशास्त्रात बी.एस्सी., एम.एस्सी. करून पुढे पदार्थविज्ञानात संशोधन करता येते. बारावीनंतर डॉक्टर नाहीतर इंजिनिअर, आणि मुलगी असेल तर डी.एड., एवढीच यादी घरात फिरत असेल तर तिच्यात ही ओळ वाढवावी.

आणि घरातल्या फुटक्या वस्तूंचे काय? लोणच्याच्या, सरबताच्या, औषधाच्या काचेच्या बाटल्या धुऊन एका पिशवीत ठेवाव्यात. फुटलेले कप, बशा, चिनीमातीच्या बरण्या आणि फरशीचे तुकडे त्यांत अजिबात घालू नयेत, कारण बाटलीच्या भट्टीत ते वितळत नाहीत, खड्यासारखे राहतात आणि नवी बाटली तिथेच तडकते. ओव्हनमध्ये चालणारी उष्णता झेलणारी काच दिसायला बाटलीसारखीच, पण तिचे मिश्रण वेगळे असते. तीही वेगळी ठेवावी. आरसा आणि बल्बही बाटल्यांत नकोत. ट्यूबलाइटमध्ये पारा असतो, ती फोडू नये. धारदार तुकडे जाड वर्तमानपत्रात गुंडाळून, दोऱ्याने बांधून, वर ठळक अक्षरात ‘काच’ लिहून द्यावेत. ते पुडके उघडणारा हात बहुधा उघडाच असतो.